उमेदवारीचें पहिलें वर्ष

घरांतील मुलगा किंवा मुलगी प्रथमच कामावर जावयास निघते, त्या दिवशीं घराला एखाद्या शुभकार्याचें रूप येतें. देवापुढें निरांजन लागतें, आई हातावर दही-साखर ठेवते, वडील रस्त्याच्या वळणापर्यंत सोबत जातात. सायंकाळीं विचारावयाचे प्रश्नही ठरलेले असतात: जागा कशी आहे, साहेब कसे आहेत, हातीं किती पडणार. पहिला आठवडा या कौतुकांत जातो. परंतु महिना-दीड महिना लोटला म्हणजे तो तरुण जेवतांना अबोल होऊं लागतो, आणि फारच विचारलें तर म्हणतो, "मला तेथें कांहींच करूं देत नाहींत. चार वर्षें शिकलों तें कशासाठीं? दिवसभर कागद लावावयाचे, नकला काढावयाच्या आणि दुसरे काय करतात तें पाहात बसावयाचें." यावर घरांतील एक वडील माणूस म्हणतें, "सोडून दे, दुसरीकडे पाहूं." दुसरें म्हणतें, "गप्प बसून सोस. आम्हींही असेंच सोसलें." दोन्ही उपदेश मायेपोटीं केलेले असतात. परंतु त्या वर्षाचें प्रयोजन काय, हें दोहोंपैकीं एकानेंही सांगितलेलें नसतें.

या काळाला मराठींत 'उमेदवारी' असा जुना शब्द आहे. आज तो बहुधा निवडणुकीच्या बातम्यांत आढळतो; परंतु पूर्वी कचेरींत, पेढीवर किंवा कारखान्यांत पुढें जागा मिळेल या आशेनें, पुष्कळदां बिनपगारी, काम शिकत राहणाऱ्यास उमेदवार म्हणत. शब्द फारसींतून आला. 'उमेद' म्हणजे आशा. अर्थात् या शब्दाचा सारा भर पुढें मिळावयाच्या जागेवर, म्हणजे फळावर आहे. संस्कृत धर्मशास्त्रांत याच अवस्थेला जो शब्द आहे त्याचा रोख वेगळा आहे. तो शब्द 'अन्तेवासी'. 'अन्ते' म्हणजे जवळ. जो जवळ राहतो तो अन्तेवासी. एक शब्द आशेचा आहे, दुसरा सान्निध्याचा. पहिल्या वर्षांत मिळवावयाचें तें आशेनें मिळत नाहीं, जाणत्याच्या जवळ राहून मिळतें, हें या दुसऱ्या शब्दानें एका पदांत सांगितलें आहे.

स्मृतिकारांचा अन्तेवासी

शिष्य आणि अन्तेवासी हे शब्द सामान्यतः एकाच अर्थानें वापरले जातात. नारदस्मृति तसें करीत नाहीं. नारदानें व्यवहाराचीं जीं अठरा पदें मानलीं आहेत, त्यांत 'अभ्युपेत्याशुश्रूषा' नांवाचें एक पद आहे. सेवा पत्करून ती न करणें, हा त्याचा विषय. तेथें सेवा करणाऱ्यांचे पांच प्रकार सांगितले आहेत: वेदविद्या शिकणारा शिष्य, शिल्प म्हणजे धंद्याचें कसब शिकणारा अन्तेवासी, वेतन घेणारा भृतक, इतरांच्या कामावर देखरेख ठेवणारा अधिकर्मकृत्, आणि पांचवा दास. काम शिकणारा आणि वेतनासाठीं काम करणारा हे दोघे एकाच छपराखालीं, एकच हत्यार हातीं धरून बसलेले असले तरी शास्त्रानें त्यांना एका ओळींत बसविलेलें नाहीं. एकाचा मोबदला विद्या आहे, दुसऱ्याचा वेतन.

अन्तेवासीचे नियम मोठे व्यवहारी आहेत. कसब शिकूं इच्छिणाऱ्यानें आपल्या नातलगांची संमति घेऊन, मुदत स्पष्ट ठरवून आचार्याजवळ राहावें. आचार्यानें त्याला आपल्या घरीं अन्न देऊन शिकवावें, पुत्राप्रमाणें वागवावें आणि त्याच्याकडून भलतें काम करवूं नये. नीट शिकवीत असलेल्या निर्दोष आचार्याला मध्येंच सोडून जाणाऱ्यास परत आणण्याची, इतकेंच नव्हे तर त्याला शिक्षा करण्याचीही मुभा तेथें आहे. ती आज कोणी मागणार नाहीं, आणि कोणी मागितली तर ती देऊंही नये. कसब लवकर हस्तगत झालें तरी मुदत पुरी करावयाची, आणि त्या काळांत हातून झालेल्या कामाचें फळ आचार्याचें. याज्ञवल्क्यानें हेंच थोडक्यांत सांगितलें आहे.

एवढ्यावरच थांबलें तर पारडें आचार्याच्या बाजूला झुकलेलें दिसेल. कात्यायनानें दुसऱ्या पारड्यांतही वजन घातलें आहे. जो शिल्प शिकवीत नाहीं आणि दुसरींच कामें करवून घेतो, त्याला प्रथम साहसाचा दंड व्हावा आणि शिष्यानें त्याच्यापासून निघून जावें, असें त्याचें मत आहे. मनूच्या गणनेप्रमाणें प्रथम साहस म्हणजे २५० पण. तेव्हां शिकाऊ मनुष्याला वर्षभर केवळ चहा आणावयास धाडणें हें त्या काळींही अनुशासन समजलें जात नव्हतें. तो दंडनीय अपराध होता.

आजच्या कायद्याची मांडणी याहून फार दूर नाहीं, हें पाहून कौतुक वाटतें. १९६१ सालच्या शिकाऊ उमेदवारांच्या कायद्यानें लेखी करार आवश्यक केला, विद्यावेतन ठरविलें, आणि असा उमेदवार हा कामगार नसून शिकणारा आहे, असें स्पष्ट म्हटलें. शिकविण्याची जबाबदारी मालकावर टाकली. मन लावून शिकण्याची उमेदवारावर. करारांत तसें ठरलेलें नसेल तर मुदतीनंतर नोकरी देण्याचें बंधन मात्र मालकावर ठेवलें नाहीं. भृतक आणि अन्तेवासी यांतील जुनी रेघच येथें पुन्हां ओढलेली आहे. वैद्यकीय पदवी घेणाऱ्याला १२ महिने रुग्णालयाच्या निरनिराळ्या विभागांत फिरून काम करावें लागतें. सनदी लेखापालाला प्रत्यक्ष व्यवसायांतील लेखापालाच्या हाताखालीं कांहीं वर्षें काढावीं लागतात. २०२३ सालीं आलेल्या नव्या योजनेंत ही मुदत तिनांवरून दोन वर्षांवर आली. केंद्र सरकारनें २०२४ सालीं मोठ्या उद्योगसंस्थांतून १२ महिन्यांच्या उमेदवारीची जी योजना सुरू केली, तींत आरंभीं महिना ५००० रुपये ठरविले होते. नांवें निराळीं, मुदती निराळ्या. परंतु सर्वत्र मुदत आहे, जवळ राहणें आहे, आणि देणें पूर्ण वेतनाचें नाहीं.

फळाविषयीं एक अपप्रयोग

येथें एका गोष्टीचा उल्लेख केल्यावांचून पुढें जाणें बरें नव्हे. कर्मावर अधिकार आहे, फळावर नाहीं, हा गीतेच्या दुसऱ्या अध्यायांतील सिद्धान्त कित्येक मालकांच्या तोंडीं फार सहज येतो. विद्यावेतन थकलें, ठरलेली सुट्टी नाकारली, रात्रीं दहा वाजेपर्यंत बसवून घेतलें, म्हणजे हसत हसत या सिद्धान्ताचें स्मरण करून दिलें जातें. हा गीतेचा अर्थ नाहीं. तो उपदेश कर्म करणाऱ्याला त्याच्या स्वतःच्या चित्ताविषयीं केलेला आहे. दुसऱ्याच्या श्रमाचें मोल बुडविणाऱ्याला दिलेली ती सनद नव्हे. आपण फळाची आसक्ति सोडावी, हा अध्यात्माचा विषय. दुसऱ्याला त्याचें फळ द्यावें, हा धर्माचा विषय. ज्यानें ५००० रुपये देण्याचें कबूल केलें त्यानें ते महिन्याच्या महिन्याला द्यावे. नारदाचा आचार्यही अन्न देऊनच शिकवीत होता.

शिकणाऱ्यानें मात्र त्या सिद्धान्ताचा आपल्यापुरता उपयोग अवश्य करावा, आणि तो अगदीं व्यवहाराचा आहे. "येथें मला पुढें कायम करतील कीं नाहीं?" हा प्रश्न डोक्यांत घेऊन जो बसतो, त्याचे डोळे साहेबाच्या चेहऱ्यावर असतात, समोरच्या कागदावर नसतात. त्याच्या हातून चूक होते ती यामुळें. आणि झालेली चूक लपविली जाते तीही यामुळेंच.

परिप्रश्न

चौथ्या अध्यायांत ज्ञान मिळविण्याचीं तीन साधनें सांगितलीं आहेत: प्रणिपात, परिप्रश्न आणि सेवा. तेथें प्रसंग तत्त्वज्ञानाचा आहे, हें खरें. परंतु ज्या समाजांत सुतारही आपलें कसब गुरूपाशीं बसून शिकत असे, त्या समाजाला या तीन साधनांत आपल्या रोजच्या आयुष्याची खूण पटली असेल. घराघरांत पहिलें आणि तिसरें साधन शिकविलें जातें. वडील माणसांना नमस्कार कर, सांगितलेलें काम कर, एवढें प्रत्येक मूल ऐकतें. मधलें साधन बहुधा कोणी शिकवीत नाहीं. उलट "उलटून विचारूं नकोस" असें बजावून पाठविलें जातें.

परिप्रश्न म्हणजे नुसता प्रश्न नव्हे. 'परि' म्हणजे सर्व बाजूंनीं, सभोंवतीं. ज्या वस्तूविषयीं विचारावयाचें तिच्याभोंवतीं आधीं स्वतः एकदां फिरून यावें, कोठें वाट आहे, कोठें भिंत आहे हें पाहावें, आणि मग जेथें वाट सांपडत नाहीं तेथें उभें राहून विचारावें. "हें कसें करूं?" हा प्रश्न झाला. "मागील वर्षाच्या नस्तींत हें अशा रीतीनें केलेलें दिसतें, या वर्षीं नियम बदलल्यामुळें तिसरा रकाना कसा भरावा एवढें कळत नाहीं," हा परिप्रश्न झाला. पहिल्यांत दुसऱ्याचा वेळ मागितलेला आहे. दुसऱ्यांत आपला वेळ आधीं खर्च केलेला आहे. कामांत गढलेला वरिष्ठ पहिल्या प्रश्नाला कंटाळतो आणि दुसऱ्या प्रश्नाला हातांतलें काम बाजूला ठेवतो, याचा अनुभव कोणत्याही कचेरींत घेतां येईल.

अर्जुनाकडे या दृष्टीनें पाहावें. आधीं तो आपण शिष्य आहों असें सांगून शरण जातो, हा प्रणिपात. परंतु तेथून पुढें तो मुका राहात नाहीं. अठरांपैकीं सात अध्यायांचा आरंभ अर्जुनाच्या बोलण्यानें होतो: तिसरा, पांचवा, आठवा, अकरावा, बारावा, सतरावा आणि अठरावा. तिसऱ्याच्या आरंभीं तर तो जवळजवळ तक्रारच करतो. तुझें बोलणें संमिश्र वाटतें, माझी बुद्धि गोंधळते, एक काय तें निश्चित सांग, असा त्याचा आशय आहे. यावर भगवंत रागावत नाहींत, समजावून सांगतात. आणि शेवटीं, सर्व सांगून झाल्यावर, याचा पूर्ण विचार कर आणि मग तुला इच्छा असेल तसें कर, असें म्हणून निर्णय त्याच्यावरच सोपवितात. शिकविणाऱ्यांनीं हा शेवटचा भागही वाचावा.

पहिल्या वर्षाचें खरें भांडवल हेंच कीं, या काळांत न कळणें हा दोष समजला जात नाहीं. नवा मनुष्य विचारतो, यांत कोणाला नवल वाटत नाहीं. तीच गोष्ट त्यानें तिसऱ्या वर्षीं विचारली तर ऐकणारा चमकून पाहतो. विचारण्याची ही मुभा मुदतीची आहे. ती लाजेपायीं न वापरतां ठेवली तर पुढें साठत नाहीं, संपून जाते. पदवीच्या अभिमानानें किंवा हसें होईल या भीतीनें ज्यानें पहिल्या वर्षीं अज्ञान झांकलें, त्याला तें पुढें वीस वर्षें झांकावें लागतें.

एका बॅरिस्टराचें वर्ष

महात्मा गांधींच्या चरित्रांत या विषयाला धरून एक संबंध वर्षच आहे. १८९१ सालीं ते विलायतेहून बॅरिस्टर होऊन आले आणि मुंबईंत वकिली करूं लागले. स्मॉल कॉजेस कोर्टांत पहिला दावा मिळाला, फी ३० रुपये. उलटतपासणीसाठीं ते उभे राहिले आणि एकही प्रश्न सुचेना. डोकें गरगरूं लागलें. ते खालीं बसले, दुसरा वकील पाहावा असें अशिलाच्या मुखत्याराला सांगितलें आणि फी परत केली. पुढें ७५ रुपयांच्या इंग्रजी शिक्षकाच्या जागेसाठीं त्यांनीं अर्ज केला. पदवीधर नसल्यामुळें तीही मिळाली नाहीं. मुंबईचें बिऱ्हाड मोडून ते राजकोटला परतले.

१८९३ सालच्या एप्रिलांत ते दक्षिण आफ्रिकेस गेले तें पोरबंदरच्या एका पेढीच्या, म्हणजे दादा अब्दुल्ला यांच्या कामासाठीं. करार एका वर्षाचा. जाण्यायेण्याचें भाडें, राहण्याजेवण्याचा खर्च आणि १०५ पौंड. हें काम बॅरिस्टराचें नसून पेढीच्या नोकराचें आहे, याची त्यांना पूर्ण जाणीव होती. तेथें पोंचल्यावर अब्दुल्ला शेटांनाही प्रथम प्रश्न पडला कीं, या माणसाला काम तरी काय द्यावें. भावानें हा एक पांढरा हत्तीच पाठविला असें त्यांना वाटलें. जेवतांना "मला कांहींच करूं देत नाहींत" म्हणणाऱ्या तरुणानें हें लक्षांत घ्यावें.

दावा होता ४०,००० पौंडांचा, आणि सारा दावा हिशेबांचा. गांधींना जमाखर्च येत नव्हता. वाटेंत झांझीबारच्या कोर्टांत हिशेबाचा एक खटला ऐकतांना त्यांना त्यांतलें कांहीं उमगलें नव्हतें. आतां पेढीचा कारकून जमा-नांवें, नांवें-जमा असें बोलूं लागला तेव्हां गोंधळ आणखीच वाढला. 'पी. नोट' हा शब्द कागदोपत्रीं वारंवार येई. त्यांनीं कोश पाहिला, कोशांत सांपडेना. तेव्हां विलायतेहून सनद घेऊन आलेल्या या बॅरिस्टरानें आपलें अज्ञान त्या कारकुनापुढें उघड केलें, आणि पी. नोट म्हणजे प्रॉमिसरी नोट, वचनचिठ्ठी, हें त्याच्याकडून समजून घेतलें. मग जमाखर्चाचें एक पुस्तक विकत आणून अभ्यासिलें. आधीं कोश, मग कारकून, मग पुस्तक. परिप्रश्नाचा याहून चांगला पाठ कोणता असेल?

प्रिटोरियास गेल्यावर तेथील सॉलिसिटरनें त्यांना स्पष्टच सांगितलें कीं, मोठे वकील आधींच नेमलेले आहेत. तुमचा उपयोग अशिलाकडून माहिती मिळविण्यापुरता. शिवाय पक्षकाराचा गुजराती पत्रव्यवहार इंग्रजींत उतरविण्याचें काम होतें. मान्य वकिलाच्या दृष्टीनें हें हलकें काम. परंतु भाषांतराचा एक गुण असा आहे कीं, भाषांतर करणाऱ्याला एकही ओळ गाळतां येत नाहीं. वाचणारा चाळून पुढें जातो. उतरविणाऱ्याला प्रत्येक शब्दापाशीं थांबावें लागतें. गांधींनीं दोन्ही बाजूंचे कागद इतके बारकाईनें वाचले कीं, खटल्यांतील वस्तुस्थिति त्यांच्याइतकी कदाचित् दोन्ही पक्षकारांनाही ठाऊक नसेल. त्यांतूनच त्यांना दिसून आलें कीं, अब्दुल्लांची बाजू बळकट आहे, परंतु दावा असाच चालला तर एकाच गांवचे आणि परस्परांचे नातलग असलेले हे दोघेही व्यापारी खर्चानें बुडतील. त्यांनीं दोघांना लवादास तयार केलें. निवाडा अब्दुल्लांच्या बाजूनें, सुमारें ३७,००० पौंड आणि खर्च. एवढी रक्कम तय्यब शेटांना एकदम देणें अशक्य होतें आणि दिवाळें काढणें त्यांना मरणाहून कठिण होतें. तेव्हां लांब मुदतीचे हप्ते अब्दुल्लांकडून मान्य करवून घेण्याचें काम त्यांनीं केलें. लवादापेक्षां हेंच अधिक अवघड गेलें. वकिलीचें खरें मर्म आपल्याला येथें कळलें, असें त्यांनीं पुढें आत्मकथेंत नमूद केलें आहे. मुंबईच्या कोर्टांत ज्याला एक प्रश्न सुचला नव्हता त्या माणसाचें हें पुढचें कामाचें वर्ष.

नकला, चुका आणि मतभेद

हलकें वाटणारें काम कसें करावें, हें यावरून पुष्कळसें स्पष्ट होतें. नकला काढावयास दिलेला कागद न वाचतां यंत्रांत घालणारा तरुण आणि तो वाचून घालणारा तरुण यांचे सहा महिने घड्याळाप्रमाणें सारखेच जातात. परंतु दुसऱ्याला तोंपर्यंत कोणतें पत्र कोणाकडे जातें, कोणत्या शब्दांत नकार दिला जातो, कोणता ठेकेदार दर वेळीं मुदत वाढवून मागतो, हें सर्व कळलेलें असतें. अर्थात् जे कागद आपल्या नजरेसाठीं नाहींत ते उघडूं नयेत. आणि कामाच्या जागीं वाचलें-ऐकलें तें बाहेर सांगूं नये. जवळ राहणाऱ्याची ही पहिली पात्रता आहे. एक साधी वही जवळ ठेवावी आणि त्या दिवशीं न कळलेला शब्द, रीत किंवा नियम तींत टिपून ठेवावा. तीन-चार शंका साठल्यावर, समोरच्याला सवड आहे असें पाहून, एकदमच विचाराव्या. आणि विचारण्यासाठीं नेहमीं साहेबच पाहिजेत असें नाहीं. रात्रपाळीच्या नव्या डॉक्टरला औषधाच्या मात्रेविषयीं शंका आली तर वरिष्ठांना दूरध्वनी करण्यांत कमीपणा नाहीं, आणि वीस वर्षें त्या विभागांत काढलेल्या परिचारिकेनें भुंवई उंचावली तर तेथें थांबण्यांतही नाहीं.

चुकीचें आणखी निराळें. असें समजावें कीं, पेढीवरील एका नव्या मुलानें ५४० रुपयांची रक्कम ४५० अशी लिहिली. महिनाअखेर ताळा बसेना. फरक ९० चा. मुलाला संशय आला कीं चूक आपली असावी. परंतु सांगण्याचा धीर होईना. तीन आठवडे तो दुपारचें जेवण टाकून वह्या चाळीत राहिला, घरीं चिडूं लागला, रात्रीं झोप येईना. शेवटीं जुन्या मुनिमानें फरकाचा आंकडा विचारला, नव्वद ऐकतांच त्याला नवांनीं भागून पाहिलें आणि म्हणाला, "कोठें तरी दोन आंकडे अदलाबदल झाले आहेत, तेच शोध." कारण शेजारचे दोन अंक उलटे पडले म्हणजे येणारा फरक नेहमीं नवांनीं भागला जातो. दहा मिनिटांत चूक सांपडली. त्या तीन आठवड्यांत पेढीचें नुकसान फारसें झालें नाहीं. मुलाचें झालें, कारण मुनिमाच्या शेजारींच बसून तो त्याच्या जवळ नव्हता. चूक त्याच दिवशीं, सबब न जोडतां, शक्य तर दुरुस्तीचा उपाय घेऊन सांगावी. रागें भरतील, भरूं द्यावें. पहिल्या वर्षाचा राग सहसा फार दिवस टिकत नाहीं.

वरिष्ठांचें म्हणणें पटलें नाहीं तर? सर मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या १८८४ सालीं मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यांत सहायक अभियंता म्हणून रुजू झाले. आरंभीं नाशिक, मग खानदेश. धुळ्याच्या बाजूला पांजरेच्या पात्रांतून नळाचा सायफन नेण्याचें काम त्यांच्याकडे आलें. पावसामुळें कामांत अडचणी येऊं लागल्या, तेव्हां तें पावसाळ्यानंतर करावें असें त्यांनीं वरिष्ठांना लिहिलें. उत्तर नाराजीचें आलें. नव्या अधिकाऱ्याला हें शोभत नाहीं, असा त्याचा सूर होता. आपली अडचण त्यांनीं आधींच लेखी मांडलेली होती. आतां त्यांनीं काम पुढें चालविलें आणि पुरें केलें. त्यानंतर वरिष्ठांनीं आपला तो शेरा मागें घेतला. मत लपविलें नाहीं, आणि मत नाकारलें गेलें म्हणून हात आखडले नाहींत. प्रणिपात म्हणजे मौन असें जे समजतात त्यांनीं या प्रसंगाचा विचार करावा.

परंतु कामाविषयींचा मतभेद वेगळा आणि अन्याय वेगळा. खोट्या हिशेबावर सही करण्यास सांगितलें तर ती करूं नये. मुलीला कामाच्या जागीं कोणी अपमानकारक रीतीनें वागविलें, तर "पहिलेंच वर्ष आहे, गप्प राहा" असा सल्ला घरच्यांनीं देऊं नये. २०१३ सालच्या कायद्यानें शिकाऊ आणि उमेदवार यांनाही पूर्ण संरक्षण दिलें आहे, आणि दहा किंवा अधिक माणसें काम करतात तेथें तक्रार ऐकणारी समिति असलीच पाहिजे. अशा ठिकाणीं सहनशीलतेचें कौतुक करणारे वडील मुलीला शिस्त शिकवीत नाहींत. तिला एकटी पाडतात.

घरच्यांकडे काय येतें

नारदानें नातलगांची संमति सांगितली ती उगीच नव्हे. जो मुदत पत्करतो त्याच्या पाठीशीं घर उभें असावें लागतें. सायंकाळच्या प्रश्नांत एका प्रश्नाची भर घालावी: आज काय नवें कळलें? आरंभीं उत्तर येणार नाहीं. कांहीं दिवसांनीं येऊं लागेल, कारण विचारणारा आहे असें कळल्यावर मनुष्य दिवसभर उत्तर शोधूं लागतो. शेजारच्या मुलाच्या पगाराचा आंकडा जेवणाच्या वेळीं काढूं नये. घर कर्जांत असेल आणि त्या थोड्या रकमेवर भागत नसेल, तर तेंही मुलाला स्पष्ट सांगावें. अडचण लपवून मग दोन महिन्यांनीं त्याच्यावर तिचा राग काढणें यांत कोणाचेंच हित नाहीं.

आणि सोडावें केव्हां, हा प्रश्न आलाच तर कात्यायनाची कसोटी हाताशीं आहे. काम कंटाळवाणें आहे, साहेब तुसडे आहेत, जागा दूर आहे, हीं कारणें मुदत मोडण्यास पुरेशीं नाहींत. चार-सहा महिने मन लावून काम केलें, नीट विचारलें, स्वतः होऊन अधिक काम मागितलें, आणि तरीही तेथें शिकविणारा कोणी नाहीं, केवळ भलतींच कामें करवून घेतात, असें ठरलें, तर वेळेवर लेखी कळवून, हातांतील काम दुसऱ्याच्या स्वाधीन करून निघावें. त्यांत अधर्म नाहीं.

गांधींचें वर्ष १८९४ च्या मध्यास संपलें. ते प्रिटोरियाहून दर्बानला आले, परतीची तयारी झाली, अब्दुल्ला शेटांनीं निरोपाचा समारंभ योजला. त्या समारंभांत एक वर्तमानपत्र सहज चाळतांना हिंदी लोकांचा मताधिकार काढून घेण्याच्या विधेयकाची बातमी त्यांच्या दृष्टीस पडली. जमलेल्या व्यापाऱ्यांना त्यांनीं त्याविषयीं विचारलें. कोणालाच नीट माहिती नव्हती. महिनाभर राहा, असा सर्वांनीं आग्रह केला, आणि निरोपाची बैठक त्याच दिवशीं कामाची बैठक झाली.

मुदत संपलेल्या अन्तेवासीसाठीं नारदानें शेवटीं एक छोटासा विधि सांगितला आहे. त्यानें आचार्याला प्रदक्षिणा घालावी, निरोप घ्यावा, आणि मग जावें. कचेरींत प्रदक्षिणा घालतां येत नाहीं. परंतु वर्षाच्या शेवटच्या दिवशीं साहेबांच्या खोलींत जाऊन आल्यावर, ज्यानें पहिला कठिण शब्द समजावून सांगितला होता त्या कारकुनाच्या मेजापाशीं आणि ज्यानें नव्वदाला नवांनीं भागून दाखविलें होतें त्या मुनिमापाशीं जाऊन दोन शब्द बोलण्यास वेळ काढतां येतो.